देवळात भरलेली शाळा

गुरुजी,

तुमच्याबद्दल दोन पानं लिहून मागायला गावाकडून एक जण आला होता. शाळेला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे, त्या निमित्तानं एक पुस्तिका काढणार आहेत. तुमच्या हाताखाली शिकलेलं आता फारसं कोणी उरलेलं नाही. त्यात मी आमच्या महारपुऱ्याच्या मोहल्ल्यातली, त्यात मुलगी, पुढं नर्स झालेली, म्हणजे माझी दोन पानं त्यांना हवीच. पोरगा चांगला होता. चहा प्यायला, पाया पडला आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आजी, गुरुजीनं महारपुऱ्यातल्या बायांसंग चिखल तुडवला होता म्हंते, ते तेवढं नक्की लिहा. सगळ्याईले तेच वाचाचं आहे." मी हो म्हटलं. नंतर कितीदा तरी कागद घेऊन बसले, आणि प्रत्येक वेळी 'आमचे गुरुजी' एवढे दोन शब्द लिहून उठले. आज ठरवलं, तुमच्याबद्दल नाही लिहायचं, तुम्हालाच लिहायचं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला हे वाचावं लागणार नाही, तो तुमचा फायदा. तुम्हाला असा कुठला ना कुठला फायदा नेहमीच मिळत गेला.

तुम्ही वर्ध्याकडचे. धोतर, खादीचा सदरा, आणि आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत न बसणारं तुमचं स्वच्छ बोलणं. चामोर्शीच्या बाजारातून नदीच्या अंगाला बैलगाडीनं यावं लागायचं आमच्या गावाला. आधीचा मास्तर महिन्यातून थोडे दिवस तोंड दाखवायचा. तुम्ही येऊन राहिलात. आल्यावर तुम्ही घरोघर हिंडलात, आणि आमच्या मोहल्ल्यातही आलात, हे मी नाकारत नाही. मला तो दिवस दिसतो आहे. माय चुलीपुढं बसून सुपात तांदूळ निवडते आहे, मी तिच्या पाठीशी. तुम्ही दाराशी वाकता आणि सरळ आत येऊन पाटावर बसता. "बाई, पाणी द्या," म्हणता. माय गडवा भरते आणि भरलेला गडवा हातात धरून तशीच उभी राहते, कारण तुमच्यासारख्या माणसाच्या हातात तो द्यायचा की खाली ठेवायचा, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही हात पुढं करून तिच्या हातातून गडवा घेतलात आणि प्यायलात. मग चहा मागितलात. दूध कुठलं, गुळाचा कोरा चहा, तोही प्यायलात.

"पोरगा येतोच शाळेत. पोरीलाही पाठवा," तुम्ही म्हणालात.

"पोरगी शिकून काय करन जी? आन रोवण्याले कोन येईन माह्यासंग?"

"धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुट्टी देतो. बाकीचे दिवस माझे."

माय हसली. बा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्यामुळं. पुढं कित्येक महिने ती तो गडवा घासताना शेजारणीला सांगायची, याच्यातून गुरुजी पानी पेले. तेव्हा कोणी मला म्हणालं असतं की हा माणूस भित्रा आहे, तर मी भांडले असते. तुम्ही भित्रे नव्हतात. म्हणून तर राग येतो. भित्र्या माणसाला मी केव्हाच सोडून दिलं असतं.

आणि दादा. माझा भाऊ तुमच्या चौथीत होता. तुमचा सगळ्यात लाडका. पाढे तर सगळेच म्हणायचे. दादा हिशेब तोंडी सोडवायचा आणि तुम्ही खडू उचलायच्या आत उत्तर सांगून मोकळा व्हायचा. तुम्ही मायला सांगितलं होतं, हा चौथी झाला की मी त्याला चामोर्शीच्या मिडल स्कूलला घालतो, राहण्याखाण्याचं मी बघतो. त्या शाळेत आम्ही सगळे एका तरटावर बसायचो. कुणब्यांची, तेल्यांची, गोवाऱ्यांची पोरं, गावाचा मालक असलेल्या मालगुजाराचा पुतण्या आणि आम्ही. जनपदची शाळा होती, सरकारी, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथं तरट एकच. कोणी काही बोललं नाही. घरी जाऊन अंगावर पाणी घेत असतील तर घेत असतील.

मग भादव्यात पूर आला. रात्रभर नाल्यातून पाणी उलटं गावात शिरत होतं आणि उजाडलं तेव्हा शाळेपर्यंत पोचलं होतं. नदीकडची ती जागा मालगुजारानं शाळेला दिली होती, कारण तिथं धानही धड पिकत नव्हता. आम्ही सगळे देवळाच्या टेकाडावर उभे होतो. शाळेच्या भिंती मातीच्या. त्या पडल्या नाहीत, खालून विरघळत गेल्या, आणि वरची कवेलू, म्हणजे कौलं, तशीच्या तशी हळूहळू खाली बसली, म्हातारी बाई टेकावी तशी. नंतर नुसते सागाचे खांब पाण्यात उभे राहिले. तुम्ही कमरेपर्यंत पाण्यात जाऊन फळा आणि भिंतीवरचा नकाशा काढून आणला होता. तुमचं स्वतःचं घरही त्याच बाजूला, तेही गेलं. तुमची बायको पोटुशी होती. ती मालगुजाराच्या ओसरीवर भिजलेलं लुगडं नेसून बसली होती आणि मालगुजारीण तिला कोरडं काढून देत होती. आमच्या मोहल्ल्यातली अर्धी घरं गेली. आम्ही टेकाडाच्या मागच्या उतारावर पळसाच्या फांद्या-डगाळ्या लावून खोपटी घातली. त्या दिवसापासून तुम्ही मालगुजाराच्या वाड्यात राहायला लागलात, त्याच्या घरचं जेवायला लागलात. हे मला माहीत आहे, गुरुजी. लोक तुमच्या बाजूनं बोलताना हे सांगतात. मीही सांगून पाहिलं आहे स्वतःला. पुरत नाही.

पाणी ओसरल्यावर तुम्ही फार थांबला नाहीत. पोरांचा अभ्यास बुडतो म्हणून मारुतीच्या देवळापुढच्या टिनाच्या मंडपात शाळा भरवायचं ठरवलंत. देऊळ उंचावर, मंडप पक्का, फरशी कोरडी. निरोप आला तसे आम्ही आनंदानं धावत गेलो. मोहल्ल्यातली आम्ही सगळी पोरं, पुढं दादा. तुम्ही पायऱ्यांवर उभे होता. आम्ही जवळ आलो तसा तुमचा हात आडवा झाला. फार वर नाही गेला, कमरेच्या उंचीवर, जसं वासराला अडवतात.

"तुम्ही तिथं, चिंचेखाली बसा," तुम्ही म्हणालात. "मी दोन्हीकडं शिकवतो. थोड्या दिवसांची गोष्ट आहे."

दादानं विचारलं, "काऊन गुरुजी?"

"देऊळ आहे ना, बाबू. आपलं नाही, मालकांचं आहे. शाळा झाली की पुन्हा सगळे एकत्र."

आम्ही चिंचेखाली बसलो. तुम्ही फळा मंडपाच्या खांबाला टेकवून ठेवायचात, तोंड आतल्या बाजूला. आमच्याकडं फळ्याची पाठ यायची. लाकडाच्या दोन पट्ट्या आणि मधे एक गाठ, ती पाठ मला अजून काढून दाखवता येईल. तुम्ही मोठ्यानं बोलायचात, मान्य. मधून मधून पायऱ्या उतरून आमच्याकडं यायचात, पाट्या तपासायचात, डोक्यावरून हात फिरवायचात. पण गणित कानानं शिकता येत नाही. दादा जेवढं ऐकू यायचं त्यातून उत्तरं सांगायचा, तुम्ही वरून म्हणायचात, "शाबास रे!" आणि आतली पोरं मागं वळून बघायची. आणि आभाळ भरून आलं की आमची शाळा सुटायची. तसं कोणी जाहीर करायचं नाही. थेंब पडायला लागले की आम्ही पाट्या डोक्यावर धरून खोपटांकडं पळायचो, आणि मागून टिनावर पडणाऱ्या पावसाच्या वर तुमचा आवाज यायचा. आत शाळा चालूच असायची. भादवा, मग हस्ताचा पाऊस. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही.

त्यातलाच एक दिवस. तुम्ही अपूर्णांक शिकवायला घेतला होता, आणि दादाला तो हवा होता. सर आली. आम्ही सगळे पळालो, दादा पळाला नाही. तो पायऱ्या चढला. मंडपात गेला नाही, गुरुजी. सगळ्यात वरच्या पायरीवर, टिनाची पन्हळ जिथं संपते तिथं, अंग चोरून उभा राहिला, फळा दिसेल असा. मी खाली चिंचेच्या बुंध्याला धरून बघत होते. आतून कोणीतरी ओरडलं. तुम्ही वळलात. तुमच्या हातात खडू होता. तुम्ही खडू ठेवून आलात आणि दादाच्या दंडाला धरून त्याला पायऱ्यांवरून खाली आणलंत.

"तुला सांगितलं होतं की नाही? समजत नाही तुला? शहाणा मुलगा ना तू?"

"मी आत नाई गेलो गुरुजी. मले फकस्त फळा पाहाचा होता."

"उद्या देवळातून शाळा बाहेर काढतील सगळ्यांची, तुझ्या एकट्यामुळं. मग बस फळा बघत."

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर दादा विसरला असता, मार त्याला सवयीचा होता. 'तुझ्या एकट्यामुळं' हे मात्र त्यानं घरी येऊन मायला सांगितलं, जसंच्या तसं, तुमच्या शुद्ध भाषेत. मायनं त्याचं डोकं पुसलं आणि म्हणाली, "राहू दे. शाळा झाली का मंग बसजो आंदर." तीही तेव्हा तुमच्याच बाजूची होती.

दिवाळीनंतर डिप्टीसाहेब यायचे होते तपासणीला. आदल्या दिवशी तुम्ही मोहल्ल्यात आलात आणि उद्या सगळ्यांनी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या म्हणून सांगून गेलात. आम्ही गेलो, आणि पाहतो तर काय, चिंचेखाली सगळं झाडून सडा घातलेला, मालगुजाराच्या घरची लाल जाजम अंथरलेलं, फळा झाडाला टांगलेला. आणि आतली पोरं मंडपात नव्हती, ती जाजमावर होती. "या, या, बसा," तुम्ही म्हणालात, जसं काही रोज हेच चालतं. दादाला तुम्ही पहिल्या ओळीत बसवलंत, मालगुजाराच्या पुतण्याच्या मांडीला मांडी लावून. पुतण्यानं त्याला जागा करून दिली. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, मारुती उठून गेला नाही.

डिप्टीसाहेब जीपमधून उतरले, जाडजूड, हॅट घातलेले. त्यांनी आधी देवळाकडं पाहिलं. "मास्तर, इतका चांगला मंडप सोडून झाडाखाली का?"

तुम्ही हात जोडून हसलात. "मोकळ्या हवेत मुलांचं लक्ष लागतं साहेब. आणि सगळ्यांना सारखं बसता येतं."

हे तुम्ही म्हणालात. सगळ्यांना सारखं बसता येतं. साहेब खूश झाले, आश्रमासारखं वाटतं म्हणाले. त्यांनी दादाला उभं करून एक हिशेब घातला, त्यानं तो सांगितला. दुसरा घातला, तोही सांगितला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तुम्हाला विचारलं, "कोणाचा मुलगा?" तुम्ही मायचं नाव नाही घेतलंत, मोहल्ल्याचं नाव घेतलंत. साहेबांनी पुन्हा एकदा जाजमावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "उत्तम. फार उत्तम." नव्या शाळेच्या मंजुरीचं ते वर बोलणार होते. ते बोलले, मंजुरीही आली. म्हणजे आमच्यामुळंच आली म्हणायची.

जीप गेल्यावर तुम्ही जाजम गुंडाळत होता. दादा तुमच्या मागं जाऊन उभा राहिला. मी त्याचा हात धरला होता, त्याचा तळवा गरम होता.

"गुरुजी, उद्याबी इथीच ना? सगळ्याईनं?"

तुम्ही वर पाहिलं नाहीत. "पाहू," म्हणालात.

इतकी वर्षं मी आजारी माणसांच्या तोंडचं आणि डॉक्टरांच्या तोंडचं 'पाहू' ऐकत आले आहे, आणि त्या शब्दात काय असतं ते मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. दादालाही नव्हतं. तो संध्याकाळभर खुशीत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला ओढतच नेलं. चिंचेखाली कोणी नव्हतं. सडा वाळून गेला होता, वर चिंचेचा पाला पडला होता. मंडपातून पाढ्यांचा आवाज येत होता आणि फळा आपल्या जागी खांबाला टेकलेला, पाठ आमच्याकडं. आभाळ निरभ्र होतं, गुरुजी. हिवाळा लागला होता, पुढचे कित्येक महिने थेंबही पडणार नव्हता, सगळ्यांना उन्हात बसायला आवडलं असतं. आदल्या दिवशी झालं तेच रोज झालं असतं. दादा थोडा वेळ उभा राहिला. तुम्ही त्याला पाहिलंत, मी तुम्हाला पाहताना पाहिलं. मग त्यानं पाटी काखेत मारली आणि तो घरी निघून आला. पुन्हा गेला नाही. मी गेले. माझा मान तेव्हा एवढा मोठा झाला नव्हता.

तुम्ही आलात बोलवायला. आठवड्याभरानं, हातात चौथीचं नवीन पुस्तक घेऊन. दादा खोपटाबाहेर बांबू चिरत बसला होता. माय म्हणाली, "आत या ना गुरुजी, च्या ठेवते." तुम्ही म्हणालात, "नको बाई, घाई आहे." वाड्यात राहायला गेल्यापासून तुम्ही आमच्याकडं पाणी प्यायला नव्हतात, ते तिच्या आधीच लक्षात आलं होतं. पण विचारायचं ती सोडत नव्हती. तुम्ही अंगणाच्या कडेला उभे राहून दादाला समजावत होता, की परीक्षा तोंडावर आली आहे, हट्ट करू नये, माणसानं मोठं मन ठेवावं. त्यानं सुरी थांबवली नाही. शेवटी तुम्ही पुस्तक बांबूच्या कामट्यांवर ठेवलंत आणि गेलात. दादानं ते माझ्याकडं सरकवलं. "तुले पायजे तं घे."

नवी शाळा टेकाडाजवळ, पाण्यापासून लांब बांधायची ठरली. सरकारनं लाकूड आणि कवेलू दिली, बाकी गावानं श्रमदान करायचं होतं. त्या काळी श्रमदान हा फार मोठा शब्द होता, तुमच्या तोंडी तर रोज असायचा. मालगुजारानं श्रमदान म्हणून सुपाऱ्या आणि गूळ पाठवला. कुणब्यांनी बैलगाड्या दिल्या. आणि माती खणायची, पाणी आणायचं, चिखल तुडवायचा, हे कोणी केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्या दिवशी मायला दुसऱ्याच्या शेतावर काम नसायचं, त्या दिवशी ती शाळेच्या चिखलात असायची. दादाही असायचा. ज्या शाळेत तो जात नव्हता तिच्या भिंतींना तो कावडीनं पाणी वाहत होता.

आता तो प्रसंग, जो सगळ्याईले वाचाचा आहे.

दुपार होती. पाच-सहा बाया मांड्यांपर्यंत लुगडी खोचून खड्ड्यात चिखल तुडवत होत्या, मी कडेला चिखलात घालायचं तणस, धानाचा पेंढा, कापत होते. तुम्ही डोक्यावर पंचा टाकून काम बघायला आलात. म्हणालात, "बायांनो, तुमचे उपकार शाळा विसरणार नाही."

माय थांबली. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. म्हणाली, "गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा ना, बाई."

"ते डिप्टीसाहेब आले, त्या दिवशी माह्या पोराले सगळ्याईसंग बसवलं तुमी. ते कोनाच्या हुकमानं?"

"हुकूम कोणाचा असणार? मीच बसवलं."

"मंग बाकीचे दिवस कोनाच्या हुकमानं?"

सगळ्या बाया थांबल्या. दादा कावड खांद्यावर घेऊन तिथंच उभा होता. मी तुमच्याकडं बघत होते, कारण मला खरंच वाटत होतं की तुम्ही उत्तर द्याल, तुम्हाला सगळ्या प्रश्नांची उत्तरं यायची. तुम्ही वहाणा काढल्यात. धोतर वर खोचलंत आणि खड्ड्यात उतरून मायच्या शेजारी चिखल तुडवायला लागलात. बायांनी जागा केली. एक जण हसली, मग दुसरी. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गुरुजी महारपुऱ्याच्या बायांसंग चिखलात उतरले, केवढा मोठा माणूस. ते आजही सांगतात. मायचा प्रश्न कोणी सांगत नाही, कारण तो ऐकायला आम्हीच होतो. तुम्ही चिखलात उतरलात ते बोलावं लागू नये म्हणून. पाय हलत राहिले की तोंड बंद ठेवता येतं. पाऊण तास तुडवला असेल तुम्ही, आणि त्याच्यावर तुमचं नाव आता दरवाजावर लागणार आहे. मायनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती तुमच्या शेजारी होती तेवढा वेळ तिनं पाऊल उचललं नाही, नुसती उभी होती, हे किती जणांनी पाहिलं?

तुम्ही शब्द पाळलात. नवी शाळा झाली आणि सगळे एका तरटावर बसले. वाड्यातून तुमच्यावर दबाव आला होता म्हणे, तुम्ही ऐकलं नाहीत, तोवर तुमचं स्वतःचं घरही बांधून झालं होतं. मी त्याच शाळेतून, त्याच पुस्तकावरून चौथी झाले, मला चामोर्शीला तुम्हीच नेऊन घातलं, दादाला देऊ केलेली जागा मला दिलीत. दादा तोपर्यंत आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोवर कामाला लागला होता. पुढं मोहल्ला सगळा चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, जाऊन दीक्षा घेऊन आला, बौद्ध झाला, त्या गर्दीत माय होती, दादा होता. तो आयुष्यभर सागाचे ओंडके चढवत-उतरवत राहिला. सभ्य, कमी बोलणारा माणूस. त्याला वाचता येत होतं, गुरुजी. चौथीच्या काठावर आलेला पोरगा, त्याला वाचता न यायला काय झालं? पण तो वाचायचा नाही. एसटी स्टँडवर उभा राहून शेजारच्याला विचारायचा, "भाऊ, ही गाडी कुठी जाते?" डोक्यावर पाटी असायची ठसठशीत अक्षरांत. मी एकदा चिडून म्हटलं, अरे वाच ना दादा, समोर तर आहे. तो म्हणाला, "असू दे ना वो. इचारलं तं काय झालं."

मी नर्सिंगला लागले तेव्हा तुम्ही चांद्याला मला भेटायला आला होता. पेढे घेऊन. मेट्रनपाशी म्हणालात, ही माझी विद्यार्थिनी, पुरानंतरच्या शाळेतली. बाकावर बसून तुम्ही तासभर बोललात. मायची तब्येत विचारलीत, गावातल्या कोणाकोणाचं काय झालं ते सांगितलंत, मालगुजाराचा पुतण्या नागपूरला वकील झाला तेही सांगितलंत. मी वाट पाहत होते. तुम्ही दादाचं विचारलं असतंत, नुसतं 'कसा आहे' म्हटलं असतंत, तर मला वाटतं मी तुम्हाला सगळं माफ केलं असतं, इतकी मी तेव्हा कोवळी होते. तुम्ही उठलात, छत्री घेतलीत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात. तुम्ही विसरला नव्हतात. ज्याला आठवत नाही तो माणूस सहज विचारतो.

गावाकडच्या त्या पोराला मी निरोप पाठवते आहे, की तब्येत बरी नाही, लिहिणं होत नाही. त्याला ही पानं द्यायची नाहीत. तुमच्या मुलाकडंही पाठवायची नाहीत. तो त्या वर्षी मालगुजाराच्या ओसरीवर जन्मला, त्याचा यात काही संबंध नाही.

एकच सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्याचं मला वॉर्डात कळलं, गावचा एक पेशंट होता त्यानं सांगितलं. मी इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवल्या होत्या, त्या तशाच सोडून मेट्रनकडं गेले आणि सुट्टी मागितली. तिनं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "घरातलं." सुट्टी मिळावी म्हणून खोटं बोलले, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. पण मी त्या दिवशी गावाला गेले नाही, कुठंच गेले नाही. खोलीचं दार लावून संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून होते, आणि तेवढ्यासाठी सुट्टी लागत नव्हती, माझी ड्युटी दुपारीच संपणार होती.